जुळवाजुळव

माणसाने आयुष्यात कोणत्याही गोष्टीच्या दोन प्रती करू नयेत, असं माझं अलीकडे ठाम मत झालं आहे. एक प्रत असली की माणूस सुखी असतो. हरवली तर रडतो, सापडली तर हसतो, विषय संपतो. दोन प्रती झाल्या की त्यातली खरी कोणती, हा प्रश्न उभा राहतो आणि मग विषय संपता संपत नाही.

हे तत्त्वज्ञान मला कोणा साधुपुरुषाने शिकवलेलं नाही. करंगळीएवढ्या एका पेनड्राइव्हने शिकवलं. तो माझ्या स्कूटरच्या किल्लीच्या कडीत असतो. स्कूटरची किल्ली, पितळेचा छोटा गणपती आणि हा पेनड्राइव्ह, असे तिघे माझ्या खिशात एकत्र नांदतात. तिघांपैकी आजवर मला त्रास दिला नाही तो फक्त गणपतीने.

त्याचं असं झालं. मी बँकेत कारकून आहे. ही गोष्ट माणसाने शक्यतो सोसायटीत कळू देऊ नये. डॉक्टर असलात तर लोक जिन्यात गाठून जीभ दाखवतात. बँकेत असलात तर खजिनदार करतात. चिंचवडच्या आमच्या सोसायटीत साठ बिऱ्हाडं आहेत आणि पाण्याच्या पंपाशेजारी एक खोली आहे, तिला ऑफिस म्हणतात. तिथे एक म्हातारा काँप्युटर आहे. कुणीतरी नवा लॅपटॉप घेतल्यावर, गाईला शिळी भाकरी घालावी तशा भावनेने तो सोसायटीला दिला. त्याला इंटरनेट नाही. पावत्यांच्या नोंदी त्याच्यावर होतात, आणि रात्री जेवणानंतर मी घरच्या काँप्युटरवर हिशेब करतो. या दोन काँप्युटरांमधला पोस्टमन म्हणजे पेनड्राइव्ह, आणि पेनड्राइव्हचं वाहन म्हणजे मी.

आता तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? बँकेतच बसून करावं. पण आमच्या चाकणच्या शाखेत पेनड्राइव्हला मज्जाव आहे. काँप्युटरला ती चपटी भोकं आहेत, पण आतून बंद केलेली. बाहेरचा रोग आत येऊ नये आणि आतला हिशेब बाहेर जाऊ नये म्हणून. तेव्हा चाकणला माझा पेनड्राइव्ह दिवसभर नुसता खिशात बसून असतो. तसा पगार मिळाला असता तर मीही बसलो असतो.

सुरुवातीला मी फायली हाताने नेत होतो. इकडून तिकडे, तिकडून इकडे. सहा महिन्यांत ‘हिशेब’ या फाइलीचा वंशविस्तार झाला. ‘हिशेब नवीन’, ‘हिशेब नवीन दुरुस्त’, ‘हिशेब फायनल’, ‘हिशेब फायनल खरा’ आणि ‘हिशेब हाच घ्यावा’. यातली पहिली घरी, दुसरी ऑफिसात, तिसरी तिन्हीकडे, पण तिन्हीकडे वेगवेगळी. एका प्रतीत तीनशेचारची थकबाकी अठरा हजार होती, दुसरीत मुळीच नव्हती. तीनशेचार म्हणजे फ्लॅटचा नंबर. आमच्याकडे माणसांना नावं असतात ती गणपतीच्या वर्गणीपुरती. तीनशेचारांचा अर्थातच दुसऱ्या प्रतीवर गाढ विश्वास होता.

हे दुखणं माझं एकट्याचं नव्हे. मायक्रोसॉफ्टने १९९५ सालच्या विंडोजमध्ये यासाठी ‘ब्रीफकेस’ नावाची सोयच दिली होती. पडद्यावर एक चिमुकली बॅग. त्या काळी फ्लॉपी असायची. तिच्यात दीड मेगाबाइटसुद्धा मावत नसे, आणि तेवढ्यात साहेबलोक आपलं ऑफिस घरी नेत. कागद बॅगेत टाकायचे, घरी दुरुस्त करायचे, परत आल्यावर बॅगेला सांगायचं, सगळं अद्ययावत कर. पुढे ती बॅग मागे पडली. माझ्या वाट्याला आली तोवर ती भंगारात निघाली होती.

शेवटी चिरंजीवांनी एक प्रोग्रॅम घातला. “बाबा, आता तुम्ही डोकं वापरायचं नाही,” ते म्हणाले. हे मला बँकेत रोज सांगतात, त्यामुळे जमेल असं वाटलं. “हा दोन्हीकडच्या फायली बघतो. ज्या फाइलीची तारीख नवी, ती ठेवतो. जुनीवर नवी लिहितो. झालं!”

“आणि एकीकडे फाइल आहे, दुसरीकडे नाहीच, तर?”

“तर मागच्या वेळी काय काय होतं ते त्याच्या लक्षात असतं. तेव्हा दोन्हीकडे असेल तर समजायचं, एका ठिकाणी पुसली. तेव्हा कुठेच नसेल तर समजायचं, नवीन आली.”

हे मला एकदम पटलं. कारण आठवण न ठेवणाऱ्या माणसाचे हाल मी भोगले होते. घरी मी ज्या फायली पुसून टाकत होतो त्या पेनड्राइव्हवरून पुन्हा घरी येत होत्या, सौ.ने बोहारणीला दिलेली पँट पुन्हा दारात यावी तशा. आणखी एक ज्ञान मिळालं. पेनड्राइव्हची नोंदवही बहुधा जुन्या पद्धतीची असते. तिच्यात फाइल बदलल्याची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यानेच लिहिता येते. त्याहून बारीक वेळ तिला ठाऊक नाही. काउंटरवर मीही वेळेचा फार बारीक विचार करत नाही, त्यामुळे या बाबतीत आमचं जुळलं.

पण ‘नवी ती खरी’ हे काही केल्या घशाखाली उतरेना. मी चिरंजीवांना म्हटलं, “अरे, ज्ञानेश्वरी १२९० सालची. पुढची तीनशे वर्षं लोक नकला करत गेले, नकलांच्या नकला झाल्या, मनाच्या ओव्या घुसल्या. एकनाथांनी १५८४ साली ती शुद्ध केली, ती निरनिराळ्या प्रती पडताळून. तुझा प्रोग्रॅम असता तर सगळ्यात शेवटी जो नक्कल करून उठला त्याचीच ज्ञानेश्वरी झाली असती!”

“नाथांच्या वेळी फाइलीवर तारीख पडत नव्हती, बाबा,” चिरंजीव म्हणाले आणि क्लासला गेले.

मी कॉमर्सचा माणूस. कॉमर्सच्या पोराला लवकरच एक धडा भेटतो, बँक रिकन्सिलिएशन स्टेटमेंट. व्यापाऱ्याचं कॅशबुक एक शिल्लक दाखवतं, बँकेचं पासबुक दुसरी. खोटं कोणीच नसतं. व्यापाऱ्याने चेक दिलेला असतो, तो अजून वटायचा असतो. बँकेने कमिशन कापलेलं असतं, ते व्यापाऱ्याला कळायचं असतं. मग एका कागदावर फरक मांडायचे आणि एका शिल्लकेवरून दुसरीवर यायचं. त्यात नवं पुस्तक खरं आणि जुनं फाडा, असं कुणी शिकवत नाही. मला या धड्यात चाळीसपैकी एकोणतीस मार्क होते. उरलेल्या अकरांचा हिशेब पुढे लागला.

आमच्या अण्णांचं मत आणखी वेगळं. अण्णा म्हणजे माझे वडील. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात टर्नर म्हणून उमेद घालवली, आज वय शहात्तर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “यात मास्टर कोण?”

“म्हणजे?”

“आमच्याकडे काचेच्या खोलीत मास्टर गेज असायचा. खोली वीस अंशांवर थंड. लोखंड उन्हाळ्यात फुगतं म्हणून. दुकानातले सगळे गेज नेऊन त्या मास्टरशी जुळवायचे. दोन गेज कधी एकमेकांशी जुळवायचे नाहीत. दोन्ही झिजलेले असले तर? छान जुळतील आणि माल सगळा रिजेक्ट!”

मी म्हटलं, “अण्णा, काँप्युटरात मास्टर नसतो. तारीख असते.”

“मग अवघड आहे,” अण्णा म्हणाले. मी हसलो. आता हसू येत नाही.

कारण या पेनड्राइव्हमध्ये हिशेबाशेजारी आणखी एक फाइल होती. तिचं नाव ‘आठवणी’. दोन वर्षांपूर्वी नातवाने अण्णांना मराठी टाइप करायला शिकवलं. एका बोटाने. मायक्रोमीटर धरणारं ते बोट. एकेक अक्षर मोजून मापून पडायचं. सकाळी घरच्या काँप्युटरवर चिरंजीवांचा अभ्यास असतो, म्हणून अण्णा दुपारी चार ते सहा सोसायटीच्या ऑफिसात बसून लिहीत. पंपाचा आवाज त्यांना आवडतो. त्याशिवाय दुकानात बसल्यासारखं वाटत नाही म्हणे. रात्री मी ती फाइल पेनड्राइव्हवरून घरी आणी, एखादा ऱ्हस्व-दीर्घ सुधारी. दुसऱ्या दिवशी सुधारलेली फाइल परत ऑफिसात जाई. अण्णा तिकडे, मी इकडे, मध्ये पेनड्राइव्ह. सुरळीत चाललं होतं.

मग मार्च आला. मार्च महिन्यात बँकेचा माणूस घरी फक्त आंघोळीला येतो. तीन आठवडे मी पेनड्राइव्ह कशाला लावला नाही. एका रात्री मी जेवत असताना अण्णा म्हणाले, “अरे, ऑफिसचा काँप्युटर एक जानेवारी दोन हजार नऊ दाखवतोय. काल पण तेच, आज पण तेच.”

मी म्हटलं, “असू द्या हो अण्णा. मार्च एंड आहे.”

काँप्युटरच्या पोटात एक बटणासारखी बॅटरी असते. वीज गेली तरी तारीख-वेळ लक्षात ठेवणं एवढंच तिचं मुख्य काम. ती संपली होती. आमचा वॉचमन काटकसरी, रात्री ऑफिसचं मेन स्विच बंद करतो. त्यामुळे तो काँप्युटर रोज सकाळी जागा होई तो नववर्षाच्या पहिल्या दिवशी. बाहेर मार्चचं ऊन, आत १ जानेवारी २००९. त्या जानेवारीत अण्णा रोज एक पान लिहीत होते. बावीस पानं झाली.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी मला फुरसत मिळाली. घरची जुनी ‘आठवणी’ उघडली. एका ठिकाणी स्वल्पविराम राहिला होता, तो दिला. पेनड्राइव्ह भरून घेतला, खाली ऑफिसात गेलो, प्रोग्रॅम चालवला. त्याने दोन्हीकडे पाहिलं. माझी फाइल आजची. अण्णांची २००९ची. त्याने नियमाप्रमाणे जुनीवर नवी लिहिली. अर्ध्या मिनिटात काम झालं आणि ‘यशस्वी’ असा हिरवा शिक्का आला. एका स्वल्पविरामाने बावीस पानं खाल्ली.

संध्याकाळी अण्णा वर आले. खुर्चीवर बसले. म्हणाले, “माझंच काहीतरी चुकलं असेल. ते सेव्हचं बटण नीट दाबलं गेलं नसेल. बोट थरथरतं आताशा.”

मी बँकेत अनेकदा बोलणी खाल्ली आहेत. ऑडिटरची, मॅनेजरची, व्याज कमी पडलं म्हणणाऱ्या पेन्शनरांची. पण अण्णांच्या या वाक्याइतकं मला कोणी बोललेलं नाही. मी सगळं सांगितलं. बॅटरी, जानेवारी, स्वल्पविराम. अण्णांनी ऐकलं. “म्हणजे दोन झिजलेले गेज,” एवढंच म्हणाले.

चिरंजीवांनी पुसलेलं परत काढणारा एक प्रोग्रॅम रात्रभर चालवला. पहाटे फाइल मिळाली. तिच्यात पानभर रिकाम्या चौकटी होत्या, आणि मध्येच एक शब्द, ‘भाकरी’.

सोसायटीचा मार्चचा हिशेबही त्याच लाटेत गेला होता. ही बातमी तीनशेचारांना कशी कळली देव जाणे, पण सोमवारी ते जिन्यात आपणहून हसले. त्यांचा आनंद चार दिवस टिकला. कारण पावतीपुस्तकात कार्बन कॉपी होती. जगात दोन प्रती जुळवण्याचा खरा प्रामाणिक उपाय कोणी काढला असेल तर तो कार्बन पेपरने. एकाच क्षणी, एकाच दाबाने, दोन्हीकडे तेच. मी रात्री बसून पावती-पावती करून हिशेब पुन्हा उभा केला. अठरा हजार परत आले. तीनशेचारांचं हसू गेलं.

अण्णांच्या बावीस पानांना मात्र कार्बन नव्हता.

त्या आठवड्यात मी स्कूटरवरून चाकणला जाताना मोशीच्या पुढे इंद्रायणीच्या पुलावर रोजच्यासारखा ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो. पुढे कंटेनर, मागे कंटेनर. अशा वेळी माणसाला अध्यात्म सुचतं. याच नदीत वरच्या अंगाला, देहूला, तुकोबांच्या वह्या बुडवल्या. तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या, ही श्रद्धा आपल्या सगळ्यांची. पण त्यांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे हे तर आमच्या चाकणचे. परंपरा सांगते, बुडालेलं पुन्हा कागदावर आणण्यात या तेल्याच्या पोराचा हात होता. आणि जे लोकांच्या तोंडी बसलं होतं ते कोणत्या नदीत बुडवणार? मी पुलावर उभा राहून विचार केला. आपली वही बुडाली खरी. पण ज्याच्या तोंडी होतं तो माणूस घरी खुर्चीवर बसलेला आहे. मागच्या कंटेनरने हॉर्न दिला म्हणून विचार तिथेच थांबला.

त्याच रात्री मी लिहायला बसलो. अण्णा सांगणार, मी टाइप करणार. आई आत लसूण सोलत होती.

“शहात्तर साली लग्न झालं,” अण्णा म्हणाले. “हिला घेऊन चिंचवड स्टेशनला उतरलो तेव्हा मुसळधार पाऊस होता.”

“पाऊस कुठला?” आतून आवाज आला. “ऊन मी म्हणत होतं. डोक्यावर ट्रंक होती माझ्या. पत्र्याचे चटके बसत होते.”

मी टाइप करायचा थांबलो.

“खोली बघून ही खूश झाली,” अण्णा म्हणाले.

“मी तीन दिवस बोलले नव्हते.”

आता अण्णा थांबले. “मला वाटलं, प्रवासाने दमलीस.”

“तीन दिवस, अहो?”

बराच वेळ घरात फक्त लसणाची सालं वाजत होती. मग अण्णांनी विषय बदलला. “खोलीचं भाडं पंचवीस रुपये.”

“तीस.”

“पंचवीस!”

“पंचवीस खोलीचे. पाच नळाचे वेगळे द्यायचात तुम्ही. तीस झाले की नाही?”

तेव्हा मला कॉमर्सचा तो धडा समजला, बी. कॉम. होऊन पंचवीस वर्षं झाल्यावर. दोन्ही पुस्तकं बरोबर होती. नळाचे पाच रुपये तेवढे मांडायचे राहिले होते. जवळजवळ पन्नास वर्षं एका घरात दोन प्रती चालू होत्या आणि कुणी त्या समोरासमोर ठेवल्याच नव्हत्या. मी फाइलीत दोन रकाने केले, एक अण्णांचा, एक आईचा. पाऊस एका रकान्यात पडू दिला, ऊन दुसऱ्यात. त्या दिवसापासून आई लसूण घेऊन बाहेर येऊन बसते.

बावीस पानांची अडतीस पानं झाली. मी स्वतःवर खूश होत होतो. एका जागी मात्र गाडी अडली. ती १९७२ची गोष्ट. दुष्काळाचं साल. करमाळ्याकडे विहिरी आटलेल्या, अण्णा खडी फोडायच्या कामावर, पोटाला सुकडी आणि मिलो. एक दिवस जेऊरला गाडीत बसले आणि रात्री चिंचवडला उतरले. ज्या चुलत्याच्या पत्त्यावर आले होते त्याच्या दाराला कुलूप. दुसरी पाळी सुटून घरी चाललेल्या एका कामगाराने त्यांना पाहिलं, आपल्या खोलीवर नेलं, अर्धी भाकरी दिली, अर्धी वाकळ दिली, आणि सकाळी कारखान्याच्या गेटवर नेऊन उभं केलं. आमचं सगळं घर त्या गेटातून आलेलं आहे.

“नाव काय त्यांचं?” मी विचारलं.

अण्णा खूप वेळ गप्प. मग म्हणाले, “लिहिलं होतं मी. इतक्या वर्षांत आठवलं नव्हतं. त्या दिवशी लिहिता लिहिता एकदम आठवलं. म्हटलं, बरं झालं, आता लिहून झालं. म्हणून मग लक्षात नाही ठेवलं.”

मी आईकडे पाहिलं. “ते माझ्या आधीचं,” ती हळूच म्हणाली.

चिरंजीव म्हणाले, “सध्या कुठलंतरी नाव टाकू या. आठवलं की बदलता येईल.”

“नको,” अण्णा म्हणाले. इतक्या जोरात मी त्यांना क्वचितच बोलताना ऐकलंय. “भलत्याचं नाव लावायचं नाही. अर्धी भाकरी त्याने दिली होती.”

बँकेत एखादी रक्कम कोणाची ते कळलं नाही की ती सस्पेन्स खात्यात ठेवतात. टाकूनही देत नाहीत आणि दुसऱ्याच्या नावावरही चढवत नाहीत. खरा धनी सापडेपर्यंत ती तशीच पुढे ओढतात. मी त्या ओळीत टिंबं टिंबं देऊन जागा मोकळी ठेवली आहे.

ऑफिसच्या काँप्युटरला आता नवी बॅटरी आहे. ती इतकी स्वस्त मिळाली की किंमत सांगायची मला लाज वाटते. तारीख बरोबर दाखवतो. मी प्रोग्रॅमला सांगून ठेवलं आहे, दोन्हीकडे फरक दिसला तर जुनीवर लिहू नकोस, दोन्ही ठेव आणि मला विचार. रोज रात्री पेनड्राइव्ह लावण्याआधी मी अण्णांना विचारतो, “काही आठवलं का?”

“नाही रे,” अण्णा म्हणतात. “लाव तुझं ते.”

मग मी लावतो. प्रोग्रॅम दोन्हीकडच्या फायली एकमेकींशी पडताळून बघतो. सगळं जुळतं. ती मोकळी जागासुद्धा दोन्हीकडे अगदी सारखी असते.